एल्फिन्स्टन घराण्याचा माग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या लोकलमध्ये वाढलेल्या माणसाच्या कानावरून 'एल्फिन्स्टन' हे नाव हजारदा गेलेलं असतं. माझ्याही गेलं होतं. एके दिवशी हे लोक मुळात कोण, कुठले, हे शोधायला बसलो आणि सोळाव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये जाऊन पोचलो. त्यानंतर स्नेह्यांकडून आणि अनोळखी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं याच घराण्याची असली तरी रीत कुठल्याही स्कॉटिश सरदार घराण्याला लागू पडते.

मुंबईचा एल्फिन्स्टन एक की दोन?

दोन. सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो, म्हणून आधी हे नीट लक्षात ठेवा.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१७७९–१८५९) हा १८११ पासून पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी. ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई त्याच्या काळातली. १८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. तो निघाला तेव्हा मुंबईकरांनी दोन लाख रुपयांहून अधिक वर्गणी जमवली आणि त्यातून एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं.

दुसरा जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन (१८०७–१८६०). हा १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर, त्याआधी मद्रासचा. २०१८ साली प्रभादेवी झालेलं एल्फिन्स्टन रोड स्टेशन आणि आजच्या हॉर्निमन सर्कलचं जुनं नाव एल्फिन्स्टन सर्कल, ही दोन्ही याच्या नावाची.

नातं साधं आहे. माउंटस्टुअर्ट हा अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा. थोरला भाऊ बारावा लॉर्ड झाला आणि जॉन हा त्या थोरल्या भावाचा मुलगा. म्हणजे हे सख्खे काका-पुतणे. माउंटस्टुअर्ट स्वतः कधीच 'लॉर्ड' नव्हता, त्यामुळे 'लॉर्ड माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन' असं कुठे वाचलंत तर तो मजकूर जपून वापरा.

सुरुवात कुठून करायची? जुन्यापासून पुढे की नव्यापासून मागे?

नेहमी ज्ञात माणसापासून मागे. उलट्या बाजूने निघालेला माणूस हमखास फसतो, कारण त्याला एखादा प्रसिद्ध पूर्वज आवडलेला असतो आणि त्याच्यापर्यंत पूल बांधायची घाई झालेली असते. एकेक पिढी पक्की करा. 'हा त्याचा मुलगा' असं म्हणायला त्या काळातला निदान एक कागद हातात हवा, दोन असले तर उत्तम.

जन्मनोंदी मिळतात का?

फारशा नाहीत, आणि इथेच बहुतेकांचा उत्साह मावळतो. स्कॉटलंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. त्याआधी गावोगावच्या चर्चची दप्तरं होती. त्यांतलं सर्वांत जुनं पर्थशायरमधल्या एरल गावचं, १५५३ पासूनचं. बहुतेक गावांची दप्तरं त्याहून खूप उशिरा सुरू होतात, मधली पानं गहाळ असतात, आणि सरदारांच्या मुलांचे बाप्तिस्मे पुष्कळदा घरीच झालेले असतात.

पण नाउमेद होऊ नका. तिथला सरदार जन्माच्या दाखल्यात सापडत नाही, जमिनीच्या कागदात सापडतो. जमीन राजाची, ती कोणाला दिली, कोणाकडून कोणाकडे गेली, बायकोच्या नावावर किती ठेवली, धाकट्याला काय दिलं, हे सगळं लिहून ठेवण्यात हा देश अत्यंत काटेकोर होता. आपल्याकडे वतनाच्या कागदांवरून घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची हकीकत लागते, तसंच.

मग जमिनीचे कुठले कागद बघायचे?

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 'रिटूर', म्हणजे वारसचौकशीचा निकाल. जमीनदार वारला की राजाच्या चान्सरीतून, म्हणजे सनदा आणि हुकूम काढणाऱ्या कचेरीतून, हुकूम निघे. मग स्थानिक पंधरा जणांची पंचायत शपथेवर बसे आणि मयत कोण, तो कधी वारला, कुठल्या जमिनी धरून होता, दावा करणारा हा खरा आणि जवळचा वारस आहे का, एवढ्या प्रश्नांची उत्तरं देई. तो निकाल परत चान्सरीत जाई, म्हणून नाव 'रिटूर'. हे कागद लॅटिनमध्ये आहेत (इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या राजवटीतली काही वर्षं सोडली तर थेट १८४७ पर्यंत). १७०० पर्यंतच्या निकालांचा सारांश एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापला गेला. त्यावर नाव शोधायचं आणि मग मूळ कागद मागवायचा. मूळ कागद पाहायला आळस करू नका, कारण मृत्यूची तारीख बहुधा तिथेच असते, सारांशात नसते.

दुसरी राजाची सनद. महामुद्रेखाली दिलेल्या सनदांचं दप्तर १३०६ ते १६६८ पर्यंत छापलेलं आहे. सनदेत नुसती जमीन नसते. 'अमुक आणि त्याची बायको तमुक या दोघांना, दोघांतल्या मागे राहणाऱ्याला, आणि त्यांच्यापासून झालेल्या मुलग्यांना, ते नसतील तर...' अशी साखळीच असते. लग्न ठरताना पुष्कळदा नवी सनद घेत, त्यामुळे लग्नाची नोंद हरवली असली तरी लग्न कधीच्या सुमारास झालं ते सनदेवरून कळतं.

तिसरा प्रकार 'सेसिन'. सनद मिळाली तरी प्रत्यक्ष ताबा घ्यावा लागे. जमिनीवर उभं राहून, साक्षीदारांसमोर, तिथली माती आणि दगड नव्या मालकाच्या हातात देत. नोटरी त्याचा लेख करी. १६१७ च्या कायद्याने हे लेख नोंदवणं आवश्यक झालं आणि तेव्हापासूनचं दप्तर जवळपास सलग मिळतं. आपल्या फेरफार नोंदींची सवय असलेल्याला हे वाचायला मौज वाटेल. साक्षीदारांची नावं मात्र गाळू नका, कारण त्यांत धाकटे भाऊ, मेहुणे आणि अनौरस मुलगेही उभे असतात.

याशिवाय लग्नाचे करार, गहाणखतं आणि कर्जरोखे १५५४ पासूनच्या करारनाम्यांच्या दप्तरात सापडतात.

मृत्युपत्रात सगळी मुलं येतात ना?

नाही. १८६८ पर्यंत तिथे मृत्युपत्राने जमीन देता येत नव्हती, ती कायद्याने थोरल्या मुलाकडेच जाई. मृत्युपत्र फक्त जंगम मालमत्तेचं असे: गुरं, धान्य, भांडी, येणं-देणं. त्यामुळे थोरल्याचं नाव पुष्कळदा त्यात येतच नाही आणि घाईतला संशोधक 'थोरला आधीच वारला असावा' अशी नोंद करून मोकळा होतो. हे टाळा.

एल्फिन्स्टन हे नाव आलं कुठून?

एडिंबरोच्या पूर्वेला, ईस्ट लोदियनमधल्या ट्रेनंट गावाजवळच्या एल्फिन्स्टन या जमिनीवरून. पण लॉर्ड झालेली शाखा तिथली राहिली नाही, आणि त्यामागची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

१४३५ साली पायपरडीनच्या लढाईत सर अलेक्झांडर एल्फिन्स्टन पडला. मागे मुलगी ॲग्नेस. तिचं लग्न गिल्बर्ट जॉन्स्टन याच्याशी झालं. मुलीने वडिलांची जमीन मागितली, काकाने 'पुरुष वारस मीच' म्हणून मागितली. भांडण वर्षानुवर्षं चाललं. शेवटी मूळ गाव मुलीच्या, म्हणजे जॉन्स्टनांच्या घराकडे गेलं आणि काकाच्या वंशाला स्टर्लिंगशायरकडच्या जमिनी मिळाल्या. तिथे एअर्थजवळ त्यांनी जो मनोरा बांधला त्यालाही एल्फिन्स्टन हेच नाव दिलं. गाव गेलं, पण नाव त्यांनी सोडलं नाही.

म्हणून 'एल्फिन्स्टन टॉवर' असं वाचलं की आधी विचारा, कुठला? ईस्ट लोदियनमधल्या मनोऱ्यात पुढे जॉन्स्टन राहत होते. दोन्हींच्या हकीकती एकमेकांत मिसळलेल्या वंशावळी मी पाहिल्या आहेत.

लॉर्ड ही पदवी केव्हाची? १५०९ की १५१०?

दोन्ही आकडे खरे. तारीख १४ जानेवारीची आहे. त्या काळी स्कॉटलंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे तेव्हाच्या लेखकाने १५०९ लिहिलं. आपल्या हिशेबाने ते १५१०. स्कॉटलंडने १६०० पासून १ जानेवारी धरला, इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत जुनीच रीत ठेवली. म्हणजे दीडशे वर्षं दोन शेजारी देशांत जानेवारी-फेब्रुवारीचं साल वेगळं. मी स्वतः एका मुलाला आईबापांच्या लग्नाआधी जन्माला घालून बसलो होतो आणि तीन संध्याकाळी डोकं खाजवत होतो. जानेवारी ते २४ मार्च या काळातली तारीख असेल तर '१५०९/१०' असं दुहेरी साल लिहायची सवय लावून घ्या.

पहिल्या काही लॉर्डांबद्दल खात्रीने काय सांगता येतं?

पहिला अलेक्झांडर, राजा चौथ्या जेम्सचा मर्जीतला माणूस. त्याची बायको एलिझाबेथ बार्लो ही इंग्लंडहून आलेल्या राणी मार्गारेट ट्यूडरच्या परिवारातली. राजाने त्याला उत्तरेकडचा किल्ड्रमी किल्लाही दिला. पुढे अर्ल ऑफ मार यांच्या घराण्याने त्यावर हक्क सांगितला आणि १६२६ मध्ये तो एल्फिन्स्टनांच्या हातून गेला. अशा खटल्यांतले कागद वंशावळीसाठी सोन्यासारखे, कारण दोन्ही पक्षांना आपापल्या पिढ्या कोर्टात मांडाव्या लागतात.

९ सप्टेंबर १५१३ ला फ्लॉडनच्या रणात राजा पडला आणि पहिला लॉर्डही पडला. त्याचा मुलगा, दुसरा लॉर्ड, १० सप्टेंबर १५४७ ला पिंकीच्या लढाईत गेला. बाप आणि मुलगा दोघेही इंग्लंडविरुद्ध लढताना.

फ्लॉडनच्या आधी, ऑगस्ट १५१३ मध्ये, ट्विझलहॉ इथल्या तळावर राजाने एक कायदा केला होता. या मोहिमेत जो पडेल त्याच्या वारसाला नेहमीचे वारसाकर माफ, आणि वारस अज्ञान असला तरी राजा त्याच्या जमिनीचं उत्पन्न घेणार नाही. त्यामुळे वारसाच्या कागदात 'बाप रणात पडला' हे आवर्जून लिहिलं जाई. आज तेच वाक्य आपल्याला मृत्यूची तारीख देतं.

सगळेच अलेक्झांडर! कोण कुठला ते ओळखायचं कसं?

पहिला, दुसरा, चौथा, पाचवा, सगळे अलेक्झांडर. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायची रीत आपल्याला नवी नाही, तिथेही तीच. यावर तीन उपाय आहेत.

एक, बायकोचं नाव. स्कॉटलंडमध्ये बाई लग्नानंतरही कायदेशीर कागदात माहेरचंच आडनाव लावे. पहिल्या लॉर्डच्या विधवेने पुढे लॉर्ड फोर्ब्झशी लग्न केलं, तरी ती कागदात बार्लोच. म्हणून प्रत्येक अलेक्झांडरला त्याच्या बायकोच्या नावाशी जोडून ठेवा, गोंधळ निम्मा होतो. दोन, 'मास्टर ऑफ एल्फिन्स्टन' ही उपाधी. ती हयात लॉर्डच्या वारसाची, म्हणजे त्या तारखेला बाप जिवंत होता. तीन, जमिनीचं नाव. धाकटे भाऊ आपापल्या जमिनीच्या नावाने ओळखले जात. जमीन विकली की ओळख बदले, हे ध्यानात ठेवा.

मधली नावं काही सांगतात का?

पुष्कळ. अठराव्या शतकातल्या या घराण्यात तर आईकडची सगळी बाजू नावातच वाचता येते. दहाव्या लॉर्डने विगटनच्या सहाव्या अर्लची मुलगी क्लेमेंटिना फ्लेमिंग हिच्याशी लग्न केलं. तिची आई मेरी कीथ. म्हणून त्यांच्या एका मुलाचं नाव जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन, तोच पुढचा ॲडमिरल लॉर्ड कीथ. दुसरा मुलगा विल्यम कॅरबेरीच्या फुलर्टन घराण्याचा जावई झाला आणि फुलर्टन-एल्फिन्स्टन म्हणवू लागला. हा ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक होता आणि अध्यक्षही झाला. पुतण्यांना हिंदुस्थानची दारं कशी उघडली, याचं उत्तर इथे आहे. त्याचाच मुलगा, म्हणजे माउंटस्टुअर्टचा चुलतभाऊ, जनरल विल्यम एल्फिन्स्टन. काबूलहून माघार घेताना त्याच्या हाताखालचं सैन्य नष्ट झालं आणि १८४२ मध्ये तो कैदेतच वारला.

आणि माउंटस्टुअर्ट? त्याची आई ॲन रथव्हेन. तिची आई ब्यूट बेटावरच्या स्टुअर्ट घराण्यातली. त्या घराण्याचा वाडा माउंट स्टुअर्ट. पुण्याच्या इतिहासात आपण जे नाव वाचतो ते मुळात आजीच्या माहेरच्या वाड्याचं आहे. मला हे कळलं त्या दिवशी फार आनंद झाला होता.

माउंटस्टुअर्टच्या थोरल्या भावांपैकी एकाने फ्लेमिंगांची इस्टेट मिळाल्यावर 'फ्लीमिंग' आडनाव लावलं. तेरावा लॉर्ड अविवाहित वारला तेव्हा पदवी याच शाखेकडे गेली. दुहेरी आडनाव दिसलं की बहुधा मागे इस्टेटीची अट असते.

'नेपोस', 'जर्मन', 'अम्क्व्हाइल' हे शब्द कसे लावायचे?

लॅटिन नात्यांच्या बाबतीत मराठी माणूस इंग्रजाहून भाग्यवान. लॅटिनमध्ये 'पात्रूस' म्हणजे काका आणि 'आवुंकुलुस' म्हणजे मामा, दोन वेगळे शब्द. इंग्रजी भाषांतरात दोन्हींचा 'अंकल' होतो आणि बापाकडचा की आईकडचा हा धागा तुटतो. तुम्ही टिपण मराठीतच करा.

फसवा शब्द 'नेपोस'. याचा अर्थ नातूही होतो आणि पुतण्या-भाचाही. दुसऱ्या कागदाचा आधार नसेल तर निर्णय करू नका. स्कॉट्स भाषेतल्या कागदांत 'ब्रदर जर्मन' म्हणजे सख्खा भाऊ, त्याचा जर्मनीशी संबंध नाही. 'गुड-ब्रदर' म्हणजे मेहुणा किंवा साडू. 'ओय' म्हणजे नातवंड. 'रेलिक्ट' म्हणजे विधवा. आणि नावाआधी 'अम्क्व्हाइल' असेल तर तो माणूस त्या तारखेला हयात नाही, आपण 'कैलासवासी' लिहितो तसं. या एका शब्दावरून मृत्यूचा काळ कितीतरी वेळा आवळता येतो.

अक्षर लागतच नाही, काय करू?

त्या काळच्या वळणाला 'सेक्रेटरी हँड' म्हणतात. मोडी शिकलेल्यांना सांगायला नको: सुरुवातीला नुसती जाळी दिसते, मग एक दिवस तीच ओळ सहज वाचता येते. एकाच लेखकाची पाच-सहा पानं सलग वाचा. नावाचं स्पेलिंगही ठरलेलं नसतं, एकाच कागदात तीन तऱ्हा असतात. आपल्या जुन्या कागदांत याच नावाचं 'अलपिष्टन' झालं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

अनौरस संततीची नोंद कशी असते?

उघडपणे असते, लपवाछपवी कमी. एल्फिन्स्टनांमधला सर्वांत थोर माणूस, बिशप विल्यम एल्फिन्स्टन (१४३१–१५१४), हा एका पाद्र्याचा मुलगा, म्हणजे विवाहाबाहेरचा. चर्चमध्ये अधिकारपद घ्यायला अशा माणसाला पोपची खास परवानगी लागे, त्यामुळे रोमच्या दप्तरात नोंदी सापडतात. याच माणसाने १४९५ मध्ये पोपची सनद आणून ॲबर्डीनचं विद्यापीठ काढलं. देशात छापखाना सुरू झाला १५०७ च्या राजाज्ञेने, आणि त्यामागेही त्याचा हात होता.

पहिल्या लॉर्डची मुलगी युफेमिया हिला राजा पाचव्या जेम्सपासून मुलगा झाला, रॉबर्ट स्टुअर्ट. तो पुढे ऑर्कनीचा अर्ल झाला. वंशावळीत मुलींना वगळलं की अशा शाखा दिसेनाशा होतात.

बाल्मेरिनो घराणं हेच का?

हो, धाकटी शाखा. तिसऱ्या लॉर्डचे दोन मुलगे एकाच वेळी दरबारात मोठे झाले: थोरला अलेक्झांडर १५९९ मध्ये खजिनदार, धाकटा जेम्स राजाचा सचिव. जेम्स पहिला लॉर्ड बाल्मेरिनो झाला. पोपला गेलेल्या एका पत्रावर राजाची सही नकळत घेतल्याचा ठपका त्याच्यावर आला आणि १६०९ मध्ये तो दोषी ठरला. शेवटचा, सहावा लॉर्ड आर्थर, राजाविरुद्धच्या बंडात सामील होता आणि ते बंड मोडणाऱ्या १७४६ च्या कलोडनच्या लढाईनंतर पकडला गेला. १८ ऑगस्ट १७४६ ला लंडनच्या टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला. पदवी जप्त झाली आणि त्याला मूल नसल्याने ती शाखाही तिथेच संपली. 'आम्ही आर्थरचे थेट वंशज' असं कोणी सांगितलं तर कागद मागा.

छापील वंशावळीवर विसंबावं का?

वाटाड्या म्हणून जरूर घ्या. विल्यम फ्रेझरने १८९७ मध्ये या घराण्याचा दोन खंडांचा कुलवृत्तांत छापला. त्यात सनदा आणि पत्रं जशीच्या तशी दिली आहेत, म्हणून तो मला प्रिय आहे. १९०४ ते १९१४ या काळात बाल्फर पॉलच्या संपादनाखाली सगळ्या स्कॉटिश पदव्यांची नऊ खंडी वंशावळ आली. दोन्ही जुनी म्हणून मोफत वाचायला मिळतात.

घराण्याच्या मूळपुरुषाच्या कथांपासून मात्र सावध राहा. ड्रमंड आणि लेस्ली ही दोन्ही घराणी आपला मूळपुरुष हंगेरीहून आल्याचं सांगत. परदेशी राजपुत्र पहिल्या पानावर भेटला की ती परंपरा म्हणून वेगळी लिहा, वंशवृक्षात घालू नका.

एखादा दुवा सापडतच नाही. माझं चुकतंय का?

कदाचित कागदच बुडाला असेल, अगदी शब्दशः. क्रॉमवेलच्या स्वारीत स्कॉटलंडची दप्तरं लंडनला नेली होती. डिसेंबर १६६० मध्ये ती परत येताना वादळात 'एलिझाबेथ' नावाचं जहाज बुडालं आणि कागदांनी भरलेली ८५ पिंपं समुद्रात गेली. तिथे रिकामी जागा रिकामीच ठेवा, अंदाजाने भरू नका.

आडनाव एल्फिन्स्टन आहे म्हणजे याच घराण्याचे वंशज ना?

आडनाव जागेवरून आलं आहे, त्यामुळे तिथे राहणाऱ्या, चाकरी करणाऱ्या कोणालाही ते लागू शकतं. ढालीवरची चिन्हंही आडनावाची नसतात. एल्फिन्स्टनांची तीन रानडुकरांची मस्तकं एका माणसाला आणि त्याच्या वारसाला दिलेली असतात, १६७२ पासून त्याचं अधिकृत दप्तर आहे, आणि धाकट्या शाखेलाही फरक करूनच ती वापरावी लागतात.

भारतात बसून किती काम होतं?

बरंच. 'स्कॉटलंड्‌स पीपल' या सरकारी संकेतस्थळावर नावांची सूची फुकट शोधता येते. चर्चची दप्तरं आणि मृत्युपत्रांची चित्रं बघायला पैसे पडतात. सनदा, सेसिन आणि रिटूर यांची मूळ दप्तरं एडिंबरोच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत.

हिंदुस्थानात आलेल्या माणसांसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद बघा. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं तिथे 'एन/३' या मालिकेत आहेत. माउंटस्टुअर्टचे स्वतःचे कागदही त्याच लायब्ररीत.

आणि गव्हर्नर म्हणून या काका-पुतण्यांनी जो कारभार केला त्याची दप्तरं मुंबईतच, काळा घोड्याला राज्याच्या पुराभिलेखागारात आहेत. ते ज्या इमारतीत आहे तिच्यातच एल्फिन्स्टन कॉलेज भरतं.